वजनकाट्यावरचं गाणं कोणी गायचं?

गिरणाकाठच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ६५. एकतीस वर्षं अंगणवाडी सेविका म्हणून काम करून त्या गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. लग्नाआधी गोड गळ्याची मुलगी म्हणून त्यांचं पंचक्रोशीत नाव होतं. आकाशवाणीच्या स्वरचाचणीचं पत्र हातात पडलं आणि त्याच आठवड्यात साखरपुडा ठरला; चाचणी राहून गेली. पुढे अंगणवाडीत, कापूस वेचताना, कानबाई देवीच्या उत्सवातल्या रात्री त्यांनी स्वतःची अकरा गाणी रचली. शब्द त्यांचे, चालीही त्यांच्याच; काही मराठीत, काही अहिराणीत. जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर ती लिहून ठेवली आहेत. एकदा तरी आपलं गाणं रेकॉर्ड व्हावं, ही चाळीस वर्षांची इच्छा. निवृत्तीची रक्कम हातात आल्यावर मुलाच्या ओळखीतल्या एका निर्मात्याने गाणी ऐकली. चाली त्याला आवडल्या, पण आवाज वयस्कर वाटला. त्याचं म्हणणं असं, की गाणी एका तरुण मुलीकडून गाऊन घेऊ, चार गाण्यांना नाचाचा ठेका देऊ, व्हिडिओ काढू, आणि खर्चाचे ऐंशी हजार ताईंनी द्यावेत. मुलगाही म्हणतो, ‘आई, तुझा आवाज बसलाय.’ ताईंनी मोबाइलवर स्वतःचं गाणं ऐकलं आणि त्यांना रडू आलं. त्या विचारतात, ‘माझ्याच आवाजात व्हावं, हा या वयातला हट्ट आहे का? की गाणी तरी जगतील म्हणून हो म्हणू?’

ताई, नमस्कार.

पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा चौथ्या गाण्यापाशी थांबले. तुम्ही लिहिलंय, ‘वजनकाट्याच्या झोळीत पोर घातलं की ते किंचाळायचं, हातपाय झाडायचं, काटा ठरायचाच नाही. म्हणून मी एक गाणं केलं. गाणं संपेस्तोवर पोर शांत आणि काटा जाग्यावर.’ म्हणजे या गाण्याची लांबी काट्याने ठरवली आहे. छताच्या कडीला टांगलेला काटा, खाली झोळीत लोंबकळणारं सहा किलोचं पोर, एका हातात पेन, दुसरा हात पोराच्या पाठीशी, आणि तोंडाने गाणं. तुमच्या एकतीस वर्षांत किती पोरं त्या गाण्यावर शांत झाली असतील! ती तरुण मुलगी कितीही सुरेल असो, हे गाणं ती कोणाकडे बघून म्हणणार आहे?

त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर सरळ आहे. हा हट्ट नाही. स्वतःच्या गळ्यातून आलेली चाल स्वतःच्या गळ्यात ठेवावीशी वाटणं हे अगदी साधं मागणं आहे आणि ते मागायला तुम्हाला कोणाची परवानगी नको. पण त्या मागण्याभोवती तुम्ही दोन-तीन गोष्टी धरून चाललाय, त्या आधी सोडवू.

पहिली गोष्ट मोबाइलवरच्या आवाजाची. आपण बोलतो किंवा गातो तेव्हा आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो. एक बाहेरून, हवेतून कानात. दुसरी आतून, कवटीच्या हाडांमधून. हाडांमधून येणारा आवाज खर्जाने भरलेला असतो, म्हणून आपल्याला आपला गळा भारदस्त वाटतो. यंत्राला फक्त हवेतला आवाज मिळतो. तो पातळ आणि परका लागतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला लागतो, विशीतल्या पोरांनाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी सांगते, की आठ दिवस रोज एक गाणं मोबाइलवर घ्या, रोज ऐका, आणि आठ दिवस कसलंही मत देऊ नका. नवव्या दिवशी कानाला तो आवाज ओळखीचा होतो. मगच काय सुधारायचं ते कळतं. तुम्ही पहिल्याच दिवशी निकाल लावलात. त्यातही तुमच्या मनात तुलना होती ती एकविशीतल्या मुलीशी, स्वरचाचणीचं पत्र आलेल्या मुलीशी. तिचा आवाज रेकॉर्ड करायची संधी गेली, आणि त्याचं दुःख खरं आहे, ते मी हलकं करणार नाही. पण आजचं रेकॉर्डिंग त्या मुलीचं व्हावं अशी अपेक्षा ठेवली, तर जगातला कुठलाही स्टुडिओ ती पुरी करू शकणार नाही.

दुसरी गोष्ट, ‘आवाज बसलाय’. इथे मला थोडी काळजीही वाटते. तीस-चाळीस पोरांच्या गोंगाटावर रोज तीन-चार तास आवाज चढवून बोलणाऱ्या बायकांच्या स्वरतंतूंवर गाठी येणं ही फार ठरलेली तक्रार आहे. शिक्षिकांमध्ये तर खूपच. घोगरेपणा तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला असेल, तर तो वयाच्या खात्यावर टाकू नका. कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जा, ते दुर्बिणीने पाच मिनिटांत घसा बघतात. ऐंशी हजारांच्या हिशेबात हा खर्च पहिला धरा. बहुतेक वेळा विश्रांती आणि आवाजाच्या व्यायामावर भागतं, पण आधी बघून घेतलेलं बरं.

वयाने जे होतं ते वेगळं. स्वरतंतू पातळ आणि कमी लवचीक होतात, श्वास पूर्वीसारखा पुरत नाही, आणि पाळी गेल्यानंतर बायकांचा आवाज थोडा खाली उतरतो. यात बिघाड काही नाही, गळ्याची पट्टी बदललेली असते. तुम्ही लिहिलंय, की भजनी मंडळातले पेटीवाले तुमच्यासाठी अजूनही काळी पाचच, म्हणजे पाचवी काळी पट्टीच सा म्हणून धरतात. ताई, तुमच्या अर्ध्या दुखण्याचं मूळ इथेच असेल असा माझा अंदाज आहे! पंचविशीतल्या पट्टीत पासष्टीचा गळा ताणला, तर वरचा सा गाठताना तो चिरकणारच. काळी तीन धरायला सांगा. मधल्या पांढऱ्या धरून चार पट्ट्या खाली. सुरुवातीला गाणं ‘उतरल्यासारखं’ वाटेल, पण पंधरा दिवसांत शब्द मोकळे होतील. गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्यात, तर तो आवाज उंच आणि पातळ आहे. पुढे घशाच्या शस्त्रक्रियेनंतर तो भारी झाला, जवळजवळ पुरुषी. त्यांनी पट्टी बदलली आणि त्याच भारी आवाजात त्या आयुष्यभर गायल्या. आज गंगूबाई म्हटलं की कानात तोच आवाज येतो.

रोजच्यासाठी एक सोपा व्यायाम सांगते. अर्धा पेला पाणी घ्या, त्यात शीतपेयाची नळी दोन बोटं बुडवा आणि नळीतून ‘ऊ’ असा सूर काढत बुडबुडे काढा. सूर हळूहळू वर न्या, हळूहळू खाली आणा. सकाळी पाच मिनिटं, संध्याकाळी पाच मिनिटं. पाण्याच्या उलट दाबामुळे स्वरतंतू एकमेकांवर न आपटता जुळतात, गळ्याला मालीश केल्यासारखं होतं. नातवंडं हसतील, त्यांनाही एकेक नळी द्या. त्यानंतर खालच्या सा-वर नुसता ‘आ’ लावा, दम पुरेल तेवढाच. दीड-दोन महिने हे केलंत तर फरक तुम्हालाच ऐकू येईल.

आता त्या प्रस्तावाकडे येऊ.

दुसऱ्याने आपलं गाणं गावं यात वाईट काहीच नाही. संगीतकार पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आले आहेत. नाचाच्या ठेक्याबद्दलही माझी तक्रार नाही. अहिराणी गाणी आज खान्देशातल्या प्रत्येक लग्नाच्या मिरवणुकीत वाजतात, आपल्या बोलीला त्यामुळे पोराबाळांच्या तोंडी जागा मिळाली, हे मला मनापासून आवडतं. माझी तक्रार क्रमाची आहे. तुमच्या पत्रात दोन इच्छा एकमेकींत गुंतल्या आहेत. आपली गाणी टिकावीत, ही एक. आपला आवाज राहावा, ही दुसरी. निर्माता पहिली पुरी करायचं म्हणतो आणि त्याबदल्यात दुसरी सोडायला सांगतो. पण आधी तुम्ही गा, ते नीट ठेवा, मग हवी तर ती मुलगी गाईल. तुम्ही गायलेलं तिच्यासमोर असेल तर चालीतल्या जागा तिला कळतील, आणि ती चुकली तर पुढच्या माणसाला मूळ तरी सापडेल.

आसोद्याच्या बहिणाबाई स्वतः लिहू शकत नव्हत्या. घरातल्यांनी लिहून घेतलं, मुलाने, सोपानदेवांनी जपलं, म्हणून १९५१मध्ये त्या गेल्यावर पुढच्याच वर्षी ती गाणी छापून आली आणि आपल्याला मिळाली. तुमचे शब्द तर तुम्हीच लिहून ठेवलेत. पण रजिस्टरच्या पानावर चाल उतरत नाही. कोणत्या अक्षरावर तुम्ही थांबता, कुठे सूर किंचित ओढता, ‘व्हयनं’ (झालं) म्हणताना शेवट कसा सोडता, हे फक्त तुमच्या गळ्यात आहे. घाई करायचीच तर याची करावी.

म्हातारा आवाज ऐकणार कोण, असंही तुम्ही विचारलंय. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यातल्या अनेक त्या बायकांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित आहेत आणि ‘पारी’ या संकेतस्थळावर आज कोणालाही ऐकता येतात. नातसुनेला दाखवायला सांगा आणि ऐका. त्या बायका कोणत्याही स्टुडिओत गेल्या नव्हत्या.

पैशाचं आणि कागदाचं मात्र रोखठोक बोलते. पैसे तुमचे असतील तर ध्वनिमुद्रणाचे हक्कही तुमच्या नावावर हवेत. ऐंशी हजार तुम्ही द्यायचे आणि गाणं त्याच्या वाहिनीवर, त्याच्या नावाने चढायचं, हा व्यवहार उलटा आहे. १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार तुमचे शब्द आणि चाल यांच्यावरचा हक्क रचनाकार म्हणून तुमचा आहे, नोंदणीची सक्ती नाही. पण चाल तुमचीच हे दाखवायचं तर ती स्वरलेखनात किंवा ध्वनिमुद्रणात उतरलेली बरी, म्हणून तर मी घाई करा म्हणते. तुमच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं तो तुमचा आणि तुमच्या वारसांचा राहतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी, तुमच्या सहीनेच देता येतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, म्हणूनच अशा करारांत ‘कायमस्वरूपी’ हा शब्द आवर्जून घातलेला असतो. तो शब्द दिसला की पेन खाली ठेवा. आणि हक्क दिले तरी रचनाकार म्हणून स्वतःचं नाव सांगण्याचा अधिकार तुमच्याकडेच राहतो. रजिस्टरच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून मुलाला, मुलीला, एखाद्या विश्वासू बाईला आजच पाठवून ठेवा. तारखेचा पुरावा आपोआप होतो.

ऐंशी हजारांतला मोठा वाटा व्हिडिओवर जातो. तो तुम्हाला नकोच आहे, तुमच्या पत्रात व्हिडिओचा शब्दही तुमच्या तोंडून आलेला नाही. अकरा गाण्यांचा अल्बमही डोक्यातून काढा. अल्बम ही कॅसेटच्या दोन बाजू भरायच्या काळातली गरज होती. १९०२मध्ये कलकत्त्याला गौहर जान यांनी ध्वनिमुद्रण केलं तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत, आणि एवढ्या मोठ्या गाणाऱ्या बाईने त्या तीन मिनिटांत गाणं बसवलं. तुम्ही आधी दोन गाणी करा. जमली, आवडली, तर पुढची.

सुरुवात घरी करा, फुकटात. तुमच्याकडे कोरडवाहू कपाशी आहे असं लिहिलंय. दिवाळीनंतर दर वाढायची वाट बघत कापूस घरात भरून ठेवलेला असेल, तर ती खोली म्हणजे फुकटातला स्टुडिओ आहे. स्टुडिओवाले भिंतींना जाड फोम कशासाठी लावतात? आवाज भिंतीवर आपटून परत येऊ नये म्हणून. छातीएवढा कापसाचा ढीग तेच काम करतो. त्या खोलीत टाळी वाजवून बघा, टाळी जागच्या जागी विझते. फक्त कच्च्या कापसाची धूळ तुमच्या घशाला सोसायची नाही, अंगाला खाजही सुटते, म्हणून ढिगावर धुतलेल्या चादरी घाला, आणि देवाचं नाव घ्यायचं म्हणून तिथे दिवा-उदबत्ती अजिबात लावू नका. कापूस विकला गेला असेल तर मधल्या खोलीत दोन दोऱ्या बांधून गोधड्या टांगा. पंखा बंद, फ्रिज बंद, फोन फ्लाइट मोडवर. फोन तोंडापासून दीड वीत लांब, समोर न धरता किंचित बाजूला, म्हणजे ‘प’, ‘भ’, ‘फ’ म्हणताना हवेचा फटका बसत नाही. रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये ‘वेव्ह’ हा प्रकार निवडा. मिनिटाला साधारण दहा एमबी जागा जाते, जाऊ द्या. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर ते आवाज दाबून लहान करतं. एक प्रत फोनमध्ये, एक पेन ड्राइव्हवर, एक दुसऱ्या गावच्या माणसाकडे.

मग स्टुडिओ. त्यासाठी पुण्या-मुंबईला जायची गरज नाही, जळगाव-धुळ्यातही आता चांगले लहान स्टुडिओ आहेत. आधी एकदा नुसतं बघायला जा. दर तासावर आहे की गाण्यावर, मिक्सिंगचे, म्हणजे गळा आणि वाद्यं एकत्र बसवायचे, पैसे वेगळे का, वादकांची बिदागी कोण देणार, आणि शेवटी सगळ्या मूळ फाइल तुमच्या हातात मिळणार का, हे चार प्रश्न विचारा. शेवटच्या प्रश्नाला जो टाळाटाळ करतो, तिथे चहा पिऊन परत या. वेळ सकाळी दहाची घ्या, दीड तासापेक्षा जास्त नको. या वयात गळा त्यानंतर थकतो आणि थकलेलं माइकला लगेच ऐकू येतं.

तिथे तुमच्या कानात हेडफोनमधून टिकटिक असा ठेका वाजवतील. त्या टिकटिकीवर गायची सवय नसलेली माणसं तिथेच घाबरतात आणि ‘मला जमत नाही’ म्हणून बाहेर येतात. स्पष्ट सांगा, की मला फक्त तंबोरा द्या, मी आधी माझ्या लयीत गाते, ढोलकी आणि बासरी नंतर माझ्यामागे येतील. चांगला वादक हे आनंदाने करतो. ओळ-ओळ तोडून गाऊन घेण्याची पद्धत आहे, ती एखाद्या चुकलेल्या ओळीपुरती ठीक. पूर्ण गाणं मात्र सलग तीनदा गा आणि त्यातलं एक निवडा. सूर यंत्राने दुरुस्त करायचा आग्रह झाला तर अगदी थोडा करू द्या. गळ्यातली थरथर पुसली तर मग त्या तरुण मुलीलाच का बोलावलं नाही, असा प्रश्न पडेल.

मुलावर रागावू नका. त्याने आईचा आवाज बसलेला ऐकला, तेच बोलला, आणि आईची फसवणूक होऊ नये म्हणून ओळखीचा माणूस आणला. त्याला काम द्या. फोन धरायचं, फाइलींना नावं द्यायचं, करार वाचायचं. वाद घालून समजणार नाही ते तिसऱ्या-चौथ्या गाण्याला कानात हेडफोन घातल्यावर समजेल.

अजून एक मागणं माझं. गाण्याआधी बोला. नाव, गाव, तारीख, गाणं कधी, कशासाठी केलं. हे मी का सांगते तेही सांगते. १९८८मध्ये घरातल्या एका लग्नात भावाने टेपरेकॉर्डर लावला होता. हळदीच्या गाण्यांत माझी आई आहे, पण पंधरा-वीस बायकांच्या गलक्यात तिचा गळा वेगळा निघत नाही. फक्त सुरुवातीला, सगळ्या गप्प असताना, तिचा एकटीचा आवाज येतो. ती खाकरते आणि विचारते, ‘चालू व्हयनं का रे भाऊ?’ आई गेल्याला बावीस वर्षं झाली. त्या कॅसेटमधलं बाकी काही आम्ही ऐकत नाही. तेवढे पाच शब्द ऐकतो आणि बंद करतो.

तेव्हा पहिलं रेकॉर्डिंग या रविवारीच करा, पट्टी सापडायची वाट न बघता, चौथ्या गाण्याचं. पत्रात तुमच्या नऊ महिन्यांच्या नातवाचा उल्लेख आहे. मधल्या खोलीत साडीची झोळी बांधा, त्याला तिच्यात घाला, फोन मुलाच्या हातात द्या. तो रडला तर रडू द्या, रेकॉर्डिंग थांबवू नका. त्याच्याकडे बघत गा, लय झोळी देईल. तो शांत झाला की मुलाला खूण करा, गाणं तेवढंच आहे.